धाकटीचं स्टेटस

माझ्या धाकट्या बहिणीला मी दीड वर्षं रोज बघत होते आणि त्या दीड वर्षात एकदाही तिला भेटले नाही. ती दिव्याला राहायची, मी डोंबिवली पूर्वेला. मध्ये फक्त एक स्टेशन. हे अंतर सांगताना आता माझी मान खाली जाते, म्हणून आधीच सांगून टाकते.

दुसरीही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मला टोमणे छान मारता येतात. हा गुण मी आईकडून घेतला. आमचं बालपण मोहन्याला गेलं. वडील रेयॉनच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि आई घरात बसून सगळ्या जगाला आडून बोलायची. सरळ बोलणं तिला गावंढळ वाटत असावं. वडील उशिरा आले की ती स्टोव्हला पिन मारता मारता म्हणायची, "काही लोकांना घराचा पत्ता आठवतो, नशीब म्हणायचं." आम्ही पाणी भरलं नाही तर ती शेजारच्या मुलींचं कौतुक खिडकीत उभी राहून, आम्हाला ऐकू येईल अशा बेताने करायची. लेकी बोले सुने लागे ही म्हण लोक सासवांसाठी वापरतात. आमच्याकडे सून नव्हतीच, तरी बोलणं अखंड चालू असे.

आणि तिची मायाही त्याच वाटेने यायची. मला ताप आला की, "पडा आता अंथरुणात, ही मोलकरीण आहेच," असं म्हणून ती रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलत बसायची. त्यामुळे आपल्याला कोणी बोललं, की त्यात राग किती आणि काळजी किती हे मोजायची सवय मला लहानपणापासून लागली. मोजमाप बहुतेक वेळा बरोबर यायचं.

धाकटीला मात्र हे काही कळायचं नाही. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आईचा टोमणा ऐकून ती सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "आई, तू माझ्यावर रागावलीस का?" आईची पंचाईत व्हायची. "जा, खेळ जा," म्हणून ती तिला हाकलायची. मी कोपऱ्यात बसून हसायचे, किती बावळट आहे ही म्हणून. टोमणा समजणं आणि मारणं, दोन्ही धाकटीला कधी जमलं नाही. हे मला माहीत होतं. हे जगात इतर कोणाला नाही तरी मला पक्कं माहीत होतं.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. शाळेच्या दारात काळा फळा आहे आणि त्यावर रोजचा सुविचार मी लिहिते. खरं तर ते ग्रंथपालाचं काम नाही. पण अक्षर चांगलं आणि पुस्तकं ताब्यात, तेव्हा एका मुख्याध्यापिकाबाईंनी ते माझ्या गळ्यात मारलं आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी ते तसंच राहू दिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे सुविचारांच्या सात वह्या भरल्या. कष्ट, कृतज्ञता, आईवडील, संयम, वाणी, असे विषयवार कप्पे केलेत. मुलं ते वाचत नाहीत. पालक कधी कधी फोटो काढतात.

या वह्यांचा पुढे मी जो उपयोग केला तो ऐका.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे अंथरुणावर होती. सोमवार ते शनिवार तिचं सगळं मी करायचे, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. धाकटी रविवारी यायची. येताना आईला आवडतात म्हणून ओल्या काजूचे गर किंवा दोन मोगऱ्याचे गजरे आणायची, तिची नखं कापायची, केस विंचरायची आणि पाचच्या सुमाराला निघायची, कारण दिव्याला तिच्या बिल्डिंगमध्ये एक दिवसाआड पाणी आणि ते कधी येईल याचा नेम नाही. तेवढ्या सहा तासांत आई जितकं हसायची तितकं ती आठवडाभरात हसायची नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला राग यायचा, आणि तो आईवर काढता येत नसल्यामुळे तो धाकटीच्या नावावर साठत गेला.

आई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईची भांडी काढून बसलो होतो. मी म्हणाले, "घे तुला काय हवं ते. रविवारची मानकरी तू."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती विचारेल, ताई तू रागावलीस का. विचारलं असतं तर मी कदाचित रडले असते आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिने विचारलं नाही. मोहन्यापासूनची एक तांब्याची कळशी होती, तिच्या काठावर आईचं नाव ठोकून घातलेलं. ती तेवढी तिने पिशवीत घातली आणि गेली.

आठवड्याने तिचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसलं. मावळत्या सूर्याच्या चित्रावर पांढरी अक्षरं: "जवळची माणसंच कधी कधी सगळ्यात लांब जातात."

आता याचा अर्थ काय? आई गेली, तिला उद्देशून ते असू शकत होतं. पण माझं मोजमाप सुरू झालं होतं. जवळची माणसं म्हणजे मी. लांब म्हणजे मी तिच्याशी तुटकपणे वागले ते. म्हणजे माझ्या तोंडावर न बोलता ही दोनशे लोकांसमोर बोलते आहे. मी वही काढली, सेवेच्या कप्प्यातून एक वाक्य निवडलं आणि गुलाबाच्या चित्रावर टाकलं: "सेवा करणारा बोलत नाही, बोलणारा सेवा करत नाही."

अर्ध्या तासाने बघितलं. धाकटीने ते पाहिलं होतं. वेळसुद्धा दिसत होती. माझ्या छातीत एकदम हलकं वाटलं, हे मी कबूल करते.

तिथून ते सुरू झालं. आठवड्यातून दोन, कधी तीन स्टेटसं ती टाकायची. सकाळी सात वाजता फळा लिहायच्या आधी मी फोन उघडून तिचंच वर्तुळ पहिलं दाबायचे. फळ्यावर मुलांसाठी काहीतरी मिळमिळीत लिहायचे आणि खरा सुविचार तिच्यासाठी राखून ठेवायचे.

ती टाकायची, "गर्दीत राहूनही माणूस एकटा असतो." मी टाकायचे, "एकटेपणाची तक्रार करण्याआधी आपण किती जणांना जवळ केलं ते मोजावं."

ती टाकायची, "थकलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू थकलास का." मी टाकायचे, "रडणाऱ्याला कारणं सापडतात, करणाऱ्याला वाट सापडते."

हे शेवटचं वाक्य तर मी फळ्यावरही लिहिलं. एका पालकाने येऊन हात जोडून सांगितलं, बाई, फार प्रेरणादायी.

नातेवाईकांना करमणूक झाली. एक मामी खास फोन करून विचारायची, "कालचं तुझं तिलाच होतं ना गं? बरं दिलंस." दुसऱ्या दिवशी तीच मामी धाकटीला फोन करून काय म्हणत असेल याचा मला अंदाज होता. तरी मी तिला चहाला बोलवायचे, कारण तिच्याकडून धाकटीची बातमी मिळायची. नवरा वापीला नव्या नोकरीवर गेलाय, महिन्यातून एकदा येतो. तिचं दुकानातलं काम सुटलं, आता घरी बसून कॉम्प्युटरवर कसलं तरी टायपिंग करते. बारीक झालीय. हे सगळं ऐकून मला काळजी वाटायची का? वाटायची. पण बोलायची पाळी तिची आहे असं मी ठरवून टाकलं होतं. धाकट्याने आधी यायचं, अशी आमच्याकडे रीत.

माझं स्वतःचं काय चाललं होतं तेही लिहिते. रोज छातीत जळजळ. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, मसाले कमी करा. मसाल्याचा काय संबंध? मी वाचनालयात मुलांना पुस्तकं देता देता टेबलाखाली फोन धरून ती ‘ऑनलाइन’ आहे का ते बघायचे. माझं स्टेटस तिने बघितलं नाही तोपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. बघितलं की पुढच्याची तयारी.

माझी लेक माजिवड्याला एका ऑफिसात कामाला आहे. ती एकदा म्हणाली, "मम्मी, तू ते ब्लू टिक बंद कर ना. मग तू बघतेस ते मावशीला कळणार नाही."

"मग माझं तिने बघितलं की नाही ते मला दिसेल?"

"नाही दिसणार. दोन्ही बाजूंनी बंद होतं ते."

"मग नको," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "सरळ फोन कर ना तिला. काय लहान मुलांसारखं चाललंय तुमचं?"

नवराही तेच म्हणायचा. मी दोघांनाही सांगितलं, तुम्हाला आमच्या घरातलं कळत नाही.

मग मी ती गोष्ट केली जिच्यामुळे मला आजही आरशात बघवत नाही. लेकीला बढती मिळाली. मी तिचा फोटो स्टेटसला ठेवला, ते ठीकच. पण त्याच्याखाली वहीतलं एक वाक्य घातलं: "लेकरं हीच खरी श्रीमंती." धाकटीला मूलबाळ नाही. तिने त्यासाठी किती डॉक्टर केले, किती नवस केले, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी मीच बसलेली असायचे. मी नंतर स्वतःला सांगितलं, मी आपलं लेकीचं कौतुक केलं, त्यात कोणाला का टोचावं? खोटं. लिहिताना मला माहीत होतं ते कुठे लागणार आहे.

तिने ते सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बघितलं. मी वेळ पाठ करून ठेवली आहे.

त्यानंतर काही दिवस तिचं काहीच आलं नाही. मग आलं ते नुसतं काळं चित्र, त्यावर एक अक्षर नाही. मला वाटलं, ही आता रुसली. संक्रांतीला दर वर्षी आम्ही एकमेकींकडे तिळगूळ घेऊन जायचो. त्या वर्षी मी सगळ्यांना पाठवलं तेच हलव्याच्या दागिन्यांचं चित्र तिलाही पाठवलं. तिने उलट तेच चित्र मला पाठवलं. खाली काही नाही. मी ते नवऱ्याला दाखवून म्हणाले, "बघा, मला माझाच तिळगूळ परत."

फेब्रुवारीत एका मंगळवारी तिचं स्टेटस आलं. या वेळी सूर्य नाही, फूल नाही. तिने स्वतः काढलेला फोटो होता. दिव्याच्या त्या फ्लॅटमधला ओटा, ओट्यावर आईची कळशी, चिंचेने लख्ख घासलेली. काठावरचं आईचं नाव वाचता येत होतं. खाली लिहिलं होतं, "ज्याचं त्याला देऊन टाकायचंय. मग सुटले."

मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्या कानशिलातून वाफ निघाली. म्हणजे आईची एक कळशी दिली तिचं ओझं झालं हिला! रविवारची मानकरी म्हटलं ते हिने दीड वर्ष धरून ठेवलं आणि आता भांडं तोंडावर फेकते आहे, तेही सगळ्या भावकीच्या देखत! त्या दिवशी वही काढावीच लागली नाही. वाक्य माझं मलाच सुचलं: "वस्तू परत करता येते, वागणूक परत करता येत नाही."

दीड वर्षात मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं. मामीने तर हसरे चेहरे पाठवले.

दुपारपर्यंत धाकटीने ते बघितलं नव्हतं. मला वाटलं, मुद्दाम बघत नाही. संध्याकाळी बघितलं, एकूण एकसष्ट जणांनी पाहिलं होतं, त्यात ती नव्हती. मी पुन्हा पुन्हा ती यादी खालपासून वरपर्यंत चाळत होते. दूधवाला होता, जुनी पीटीची बाई होती, मुलीच्या मैत्रिणीची आई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं स्टेटस चोवीस तास होऊन आपोआप गेलं. धाकटीने ते पाहिलंच नाही. असं एकदाही झालं नव्हतं.

त्या क्षणी पहिल्यांदा मी तिची वाक्यं टोमणा बाजूला ठेवून आठवली. एकटी. थकलेली. कुणी विचारत नाही. काळं चित्र. देऊन टाकायचंय. सुटले. एकापुढे एक ठेवली तशी माझ्या हातातला खडू खाली पडला. मी फळ्यासमोर उभी होते आणि मुलं आत येत होती.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाचव्यांदा बंद लागला. तिच्या नवऱ्याचा लागत नव्हता. मी मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगितलं आठवत नाही. रस्त्यावर येऊन पहिली दिसली ती रिक्षा केली. रिक्षावाला कल्याण-शीळ रस्त्याने निघाला आणि तिथे मेट्रोच्या कामापाशी अडकला. पुढे डंपर, मागे शाळेची बस. मी त्याला म्हणत होते, "दादा, काढा ना कुठून तरी, दादा," आणि तो म्हणत होता, "मॅडम, उडून जाऊ का?" मला त्याचा राग आला नाही. दीड वर्षं होतं माझ्याकडे, आणि मी आता घाई करत होते.

रिक्षात बसून मी देवाशी बोलले नाही. धाकटीशी बोलत होते. फोनवर मेसेज लिहीत होते, कशी आहेस, येतेय मी, दार उघड, माझं चुकलं, दार उघड. एक एक टिक पडत होती. दुसरी पडत नव्हती.

तिच्या मजल्यावर पोहोचले तेव्हा दाराचं लॅच मोडलेलं होतं आणि दाराला सुतळी बांधलेली होती. पॅसेजमध्ये पाण्याचे निळे ड्रम. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली. माझ्याहून जरा मोठी, हातात पोळपाट तसाच.

"तुम्ही ताई ना?" ती म्हणाली. "घाबरू नका, आहे ती. आहे. काल नेली ठाण्याला, सरकारी दवाखान्यात. रातच्याला डॉक्टर बोलले, वाचली म्हणून. तिचा नवरा पण आलाय."

मी तिथेच पॅसेजमध्ये बसले. धाकटीने काय केलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

त्या बाईने मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं की ज्याला आधी कळेल तो बाकीच्यांची दारं वाजवतो. वीस मिनिटं नळ चालतो, तेवढ्यात दोन दिवसांचं भरून घ्यायचं. धाकटीचं दार सगळ्यांत आधी उघडायचं. काल दुपारी पाणी आलं, या बाईने दार वाजवलं, उघडलं नाही. तिला वाटलं झोप लागली असेल. पाच मिनिटांनी पुन्हा वाजवलं.

"पाणी सोडून झोपणारी बाई नाही ती," ती म्हणाली. "दिव्यात पाणी आल्यावर कोण झोपतंय का? मी बोलले, काहीतरी इपरीत आहे. सेक्रेटरीला बोलावलं, दार तोडलं. माझे ड्रम रिकामेच राहिले काल."

ते ड्रम माझ्या समोरच होते. या बाईचं आणि धाकटीचं कसलंही नातं नव्हतं, तिच्याकडे व्हॉट्सॲप होतं की नाही देव जाणे. एका दिवशी दार उघडलं नाही म्हणून तिला जे कळलं ते मला दीड वर्ष रोज वाचून कळलं नव्हतं.

मग ती आत गेली आणि आईची कळशी घेऊन आली. "ही सकाळी देऊन गेलेली माझ्याकडे. बोलली, ताई येईल माझी, तिला द्या. मी बोलले, तूच दे की, तुझी बहीण ना? तर नुसती हसली."

ठाण्याच्या दवाखान्यात संध्याकाळी मला आत सोडलं. कळशी मी बरोबर घेऊन गेले होते, कुठे ठेवावी कळत नव्हतं. वॉर्डबाहेर तिचा नवरा भिंतीला डोकं टेकून बसला होता. मला बघून तो उठला आणि पुन्हा बसला. आत धाकटी इतकी बारीक झाली होती की चादरीखाली कोणी आहे असं वाटेना. दीड वर्ष मी तिच्या नावाचं वर्तुळ बघत होते, तिचा चेहरा बघितला नव्हता.

मी स्टुलावर बसले. हात धरला. तिने काढून घेतला नाही. मग ती पुटपुटली, "कळशी मिळाली?"

"मिळाली."

"आईचं नाव आहे त्याच्यावर. भंगारात जायला नको."

मला रडू आवरेना. शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "मी रोज बघत होते गं तुझं स्टेटस. एकही सोडलं नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "सात वाजता बघायचीस. बाकी कोण बघो न बघो, तू बघायचीस. म्हणून तर टाकायचे."

"मला वाटायचं तू मला बोलतेयस."

धाकटीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. लहानपणी आईसमोर जाऊन उभी राहायची ना, तसंच बघितलं. "तुलाच बोलत होते, ताई. दुसरं आहे कोण मला?"

मला पुढे विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि मी टाकायचे ते?"

"वाचायचे. वाटायचं, आज वैतागलीय, उद्या फोन करेल."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. धाकटी आमच्याकडे आहे, आई जिथे झोपायची त्याच खोलीत. दर पंधरा दिवसांनी आम्ही ठाण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे त्यांनी मला वेगळं बसवून सांगितलं की तिला सरळ विचारत जा, मनात पुन्हा तसे विचार येतात का, हेसुद्धा विचारत जा. विचारल्याने ते येत नाहीत, उलट माणसाला बोलायला जागा होते. मी मान हलवली. पण बावन्न वर्षांची जीभ सरळ होत नाही. परवा तिने चहा अर्धा ठेवला तर माझ्या तोंडून गेलंच, "आमच्या हातचा चहा कोणाला आवडणार!" ती घाबरून घटाघटा प्यायली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सरळ विचारायचा सराव करते. "आज कसं वाटतंय तुला?" रोज सकाळी. ती म्हणते, "ठीक." एवढाच शब्द. तो शब्द घेऊन मी शाळेत जाते आणि दिवसभर त्यात राग किती, थकवा किती, आणखी काय किती ते मोजत बसते. मोजमाप आता जुळत नाही. माझा त्याच्यावर विश्वासही राहिलेला नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मी फळ्याचं काम दुसऱ्या कोणाला द्या असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, खडूने खोकला होतो. सातही वह्या कपाटात आहेत, फेकायचं धाडस होत नाही.

धाकटीने फोनमधून व्हॉट्सॲप काढून टाकलंय. माझ्या फोनमध्ये ते आहे, शाळेच्या ग्रुपमुळे ठेवावं लागतं. सकाळी सात वाजले की अजूनही माझं बोट आपोआप तिथे जातं आणि तिचं वर्तुळ शोधतं. ते नसतं. दहा पावलांवर, पलीकडच्या खोलीत ती झोपलेली असते. मग मी फोन पालथा ठेवते, तिचं दार आवाज न करता ढकलते आणि चादर वरखाली होतेय ना, ते बघत उभी राहते.